रिकाम्या खोलीतला पंखा

मित्रांनो, मी टेबल फॅन आहे. वय झालं, जाळीचा रंग उडाला, पण स्वभाव काही गेला नाही. स्वस्थ बसणं मला जमत नाही. कारखान्यात माझी पाती बसवली, मान जोडली आणि चाचणीसाठी बटण दाबलं, तेव्हाच मी इतक्या जोरात मान फिरवली की तपासनीस म्हणाला, "याला घाई फार." तो शेरा माझ्या कपाळी कायमचा बसला.

माझी पहिली नोकरी बुटांच्या कारखान्यात लागली. कारखाना म्हणजे दोन खोल्या आणि जिन्याखालची एक कोंदट कोठडी. ज्यांचे दोन पाय सारखे नाहीत, अशा माणसांसाठी तिथे बूट बनत. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाची बोटं जुळलेली. मालकांना सगळे बाबा म्हणत. बाबा गिऱ्हाइकाचा पाय मांडीवर घेत आणि अंगठ्याने दाबत दाबत विचारत, "इथे दुखतं? आणि इथे?" समोरचा माणूस आधी संकोचायचा, मग हळूहळू पाय ढिला सोडायचा. मी डावीकडून उजवीकडे मान फिरवत सगळ्यांना वारा घालायचो, चिकटवलेले तळवे वाळवायचो. कामगार म्हणायचे, हा नसता तर आपण चिकटवायच्या सोल्युशनच्या वासाने कधीच आडवे झालो असतो. ते दिवस माझे मानाचे होते.

पुढे कारभार बाबांच्या मुलीकडे आला. तिला सगळे ताई म्हणत. ताईने संगणक आणले आणि जिन्याखालच्या कोठडीत एक सर्व्हर बसवला. सर्व्हर म्हणजे बाकीच्या संगणकांचं कोठारच. पायांचे फोटो, मापं, साच्यांची चित्रं, सगळं त्याच्या पोटात. काम थोडं वाढलं की हा डबा तव्यासारखा तापायचा. मग माझी उचलबांगडी झाली. मला त्याच्यासमोर ठेवलं, डोक्यावरची खुंटी वर ओढली आणि माझी मान जागीच अडकवून टाकली. माझ्यासारख्या चुळबुळ्या जीवाला एकाच तोंडाकडे बघत राहायची शिक्षा मिळाली. मला कधीच बंद करायचं नाही, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक होतं म्हणूनच ते कुठे लिहून ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

तशात बाबांचे हात थरथरायला लागले. चामडं कापायची रापी धरता येईना. अंगठ्याला हाड कळेनासं होण्याआधी त्यांनी एक काम हट्टाने पुरं केलं. जुन्या गिऱ्हाइकांना एकेक करून बोलावलं आणि प्रत्येकाचं माप नव्याने घेतलं. ताई शेजारी बसून लिहून घ्यायची. ती मापं घेऊन झाली तशी बाबांनी हात पुसले आणि म्हणाले, "झालं माझं काम. आता हे पाय तू सांभाळ." त्या दिवसापासून ताईचा जीव थाऱ्यावर नसायचा. दिवसातून कितीदा तरी कोठडीत यायची, सर्व्हरला हात लावून बघायची आणि ओठ चावत परत जायची. तिची काळजी बघून मीही आणखी घरघरायचो.

ताईची वहिनी, म्हणजे बाबांची सून, संगणकाच्या कंपनीत कामाला होती. एके दिवशी कोठडीच्या दारातच बैठक भरली.

"ताई, या डब्यावर किती दिवस विसंबणार?" वहिनी म्हणाली. "क्लाउडवर ठेवा सगळं."

मला वाटलं, आता मापं आभाळात जाणार. पण वहिनीने समजावून सांगितलं. क्लाउड म्हणजे दूरवरच्या मोठ्या इमारती, अशाच यंत्रांनी भरलेल्या. यंत्रं त्यांची, देखभाल त्यांची, आपण नेटवरून वापरायची. दोन प्रती दोन ठिकाणी ठेवता येतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला ताईला नवं दुकान काढायचं होतं, तिथेही तेच माप त्याच क्षणी उघडणार.

"लोकांनी पाय माझ्या मांडीवर ठेवले," बाबा म्हणाले. "ते मी कुणा परक्याच्या खोलीत नेऊन ठेवू?"

"बाबा, वीज आपण घरी बनवतो का? वापरू तेवढे पैसे देतो. हे तसंच. काम वाढलं की जागा जास्त घ्यायची, कमी झालं की सोडून द्यायची."

"विजेचं बरं असतं. वापरली की संपली. मापं परत मागावी लागतात. उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर?"

वहिनीने हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. "म्हणून करार वाचूनच सही करायची. आपली वस्तू हवी तेव्हा उचलून आणता आली पाहिजे. आणि कुलूप आपण सांभाळायचं. इमारत ते राखतील, पण किल्लीच आपण भलत्याच्या हातात दिली तर ते तरी काय करणार?"

"आणि नेट गेलं तर?" ताईने विचारलं.

"तर तेवढा वेळ उघडणार नाही. चालू कामाची मापं इथेही ठेवायची."

"म्हणजे एवढा उपद्व्याप करून घरी ठेवायचं ते ठेवायचंच," बाबा उठत म्हणाले. "मग आहे ते काय वाईट आहे? माझ्या जिवात जीव आहे तोवर मापं इथून हलणार नाहीत."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. सर्व्हर गेला असता तर मलाही भंगाराची वाट धरावी लागली असती. पण ताई तिथेच उभी राहिली. मग स्टूल ओढून संगणकासमोर बसली, वहिनीला खुणेने जवळ बोलावलं आणि दोघी हलक्या आवाजात काहीतरी करू लागल्या. "निदान एवढं तरी," असं ताई म्हणाल्याचं मी ऐकलं. सर्व्हरचा हिरवा दिवा कितीतरी वेळ लुकलुकत होता. काय चाललंय ते मला कळलं नाही, आणि बाबांना कुणी सांगितलं नाही.

थोड्याच दिवसांनी, सुट्टीच्या दुपारी, बाबांच्या पत्नी, म्हणजे काकू, विसरलेली पिशवी न्यायला कारखान्यात आल्या. काकूंनी जन्मभर काटकसरीने संसार केलेला. कोठडीतून त्यांना माझी घरघर ऐकू आली. आत डोकावल्या, कुणी नव्हतं. "रिकाम्या खोलीत पंखा कशाला?" असं पुटपुटत त्यांनी मला बंद केलं आणि दार घट्ट ओढून घेतलं.

मित्रांनो, पंख्याला वाचा नसते याचं दुःख मला त्या दुपारी झालं. माझी पाती थांबली. समोरचा डबा तापत गेला. आधी त्याचा आतला छोटा पंखा किंचाळायला लागला, मग जळक्या प्लास्टिकचा वास आला, मग दिवे विझले. मी समोर बसून नुसता बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाल्याने सर्व्हर उघडून हात वर केले. मापांची आणखी एक प्रत एका छोट्या डिस्कवर होती, पण ती डिस्क ठेवलेली याच डब्याच्या डोक्यावर. तीही गेली. पंखा बंद कुणी केला यावर कामगारांची कुजबुज सुरू झाली, तेव्हा काकू स्वतःच पुढे आल्या.

"मी केला. आत कुणी बसलेलं नव्हतं. मला कुणी सांगितलंच नाही."

बाबा स्टुलावर बसले होते. मांडीवरचे हात एकमेकांत धरूनही थरथरत होते. "ती माझी शेवटची मापं होती," ते म्हणाले. "आता पुन्हा घ्यायला हे हात कुठून आणू?"

ताईने फोन काढून त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर बाबांच्या गिऱ्हाइकांचे पाय होते. त्यांनी नव्याने घेतलेली सगळी मापं, शेजारी बाबांनी सांगितलेली वाक्यं: इथे दाब नको, करंगळीला हवा ठेव. बाकी पुष्कळ काही गेलं होतं, जुनी बिलं, साच्यांची कितीक चित्रं. पण ताईने त्या दिवशी सगळ्यात आधी तीच मापं क्लाउडवर पाठवली होती.

"मला न विचारता?" बाबा म्हणाले.

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही." त्यांनी पडद्यावरच्या एका टाचेवरून अंगठा फिरवला. मग त्यांनी विचारलं, "किल्ली कुणाकडे आहे?"

वहिनीने सांगितलं, किल्ल्या दोन असतात. एक पासवर्ड, तो ताईकडे. दुसरी म्हणजे एक आकडा, तो उघडताना फोनवर येतो. "तो आकडा तुमच्याच फोनवर येईल असं करूया का, बाबा?"

बाबांनी मान डोलावली. नंतर बाकीचं कामही क्लाउडवर गेलं. नवं दुकान निघालं, ताई तिथे बसू लागली आणि मी बाबांच्या घरी, त्यांच्या खुर्चीशेजारी आलो. भंगाराची भीती टळली तरी माझी चुळबुळ गेली नाही. त्या दूरच्या इमारतींत यंत्रं तापत असणार, तिथे कुणीतरी अखंड वारा घालत असणार, याचा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आभाळाचं नाव दिलं म्हणून काम काही हवेत होत नाही.

आता रोज सकाळी बाबांच्या फोनवर आकडा येतो आणि पाठोपाठ ताईचा फोन. बाबा आकडा लगेच देत नाहीत. "आधी सांग, आज कुणाचे पाय?" ताई सांगते, शाळेतल्या शिपाईबाईंचे, नाहीतर बसच्या चालकाचे. बाबा डोळे मिटतात. "त्याची डावी टाच जरा सैल ठेव, दिवसभर पेडल दाबतो तो." मग आकडा सांगतात.

परवा सगळे घरी जेवायला जमले असताना वहिनी म्हणाली, "ताई, पडद्यावर एकदा खूण केली की तो संगणक ओळखीचा होतो. मग रोज आकडा मागत नाही. बाबांना उगाच त्रास."

ताईने खुर्चीत डुलकी घेणाऱ्या बाबांकडे पाहिलं. "राहू दे," ती म्हणाली. "मागू दे रोज."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या पंख्याचं मागणं ते काय असणार? नवी सोय जरूर करून घ्या. काय चालू ठेवायचं ते घरातल्या प्रत्येकाला सांगा. आणि ज्या माणसाचे हात थकले, त्याला विचारल्यावाचून पुढे जाता येणार नाही असं एक तरी काम रोज शिल्लक ठेवा.