तांब्याची वाट

महादेवाला पाणी घालेपर्यंत मी बोलत नाही. सतरा वर्षांचा नेम आहे. त्या सकाळी मात्र तो फार जड गेला.

संग्रामपूरकडच्या आमच्या वस्तीवर अनुपमा नावाची मुलगी आली होती. कोणत्या घरांपासून एसटीचा थांबा किती लांब, हे ती लॅपटॉपच्या नकाशावर तपासत होती. थांब्याभोवती तिने एक किलोमीटरचा हिरवा गोल काढला होता. आमची घरं गोलाच्या आत.

"म्हणजे तुमची सोय आहे," ती म्हणाली.

"हाव, थो काय, दिसून राह्यला थांबा," कडूबा भाऊजींनी बोट दाखवलं. आपली वस्ती आडबाजूला आहे, हे पाहुण्यापुढे कबूल करणं त्यांच्या जिवावर येतं.

माझी नात करिष्मा नुकतीच बारावी झाली. तिचा बाप, माझा गोकुळ, म्हणाला होता, "वस्तीवर गाडी आली तं कॉलेज. नाही तं घरी." थांबा दिसतो खरा, पण मध्ये खोल नाला. पूल पार खालच्या अंगाला.

मी मान हलवून 'नाही' म्हटलं.

"वहिनीले काय विचारता? सकाळच्या त्या मुक्याच असतात," भाऊजी हसले.

मग मी पाण्याचा तांब्या उचलला, अनुपमाचा हात धरला आणि निघाले. महादेव थांब्याला लागूनच आहे. तिने मोबाइलवर वाट नोंदवायला घेतली. बाभळींतून खाली, पुलावरून, पुन्हा तेवढंच वर. ती दोनदा टेकली. तहानली होती, पण तांब्याकडे तिने हात केला नाही.

पिंडीवर धार धरली आणि मी बोलले, "माय, किती भरलं?"

"साडेतीन किलोमीटर, आजी. मी सरळ रेघेत मोजलं होतं. नाला धरलाच नाही."

"आमच्या करिष्माले हे रोज दोनदा चालायचं हाये."

देवळाच्या ओट्यावर बसूनच तिने गोल पुसला आणि पायवाटेने मोजलं. आमची घरं लाल झाली. कुंकवाएवढा ठिपका, पण मला बरा वाटला.

तिच्या नकाशावरून जुलैत महिनाभराच्या चाचणीची गाडी पुलावरून थेट वस्तीवर आली. भाऊजी नारळ घेऊन पुढे. "म्याच सांगतलं होतं थ्या पोरीले," ते ड्रायव्हरला म्हणाले. माझं पाणी घालायचं राहिलं होतं, म्हणून मी नुसती हसले.

गोकुळने करिष्माची बॅग स्वतः वर दिली.

"आजी, महादेवापर्यंत बस ना," ती खिडकीतून म्हणाली.

मी मानेनंच नको म्हटलं. नेम माझ्या पायांचा आहे, तिच्या नाही.

महिन्यानंतर काय ते ठरणार आहे म्हणे. तोवर पिंडीपुढे माझं एक मागणं वाढलं आहे.