पंखाच्या सोळा फासळ्या

पहिली फासळी पुनमच्या हातून चुकून मोडली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण उरलेल्या पंधरांना ते कारण लागू पडत नाही.

गिरधरनानांनी, म्हणजे तिच्या सासऱ्यांनी, जळगावच्या घरात पुढच्या खोलीतल्या टेबलावर विमान मांडलं होतं. खेळण्यातलंच, पण तसं म्हटलं की नाना चिडायचे. दोन फुटी पंखाचं, रबराला पीळ देऊन उडणारं, बाल्सा नावाच्या लाकडाचं. ते लाकूड इतकं हलकं की तळहातावर घेतलं तरी काही घेतलंय असं वाटत नाही. नाशिकला अप्रेंटिस असताना, पन्नास वर्षांपूर्वी, नानांनी हा किट मुंबईहून पार्सलनं मागवला होता. मग दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरी लागली, लग्न झालं, पोरं झाली, आणि खोका या माळ्यावरून त्या माळ्यावर फिरत राहिला. नकाशा पिवळा पडला, रबराचा चिकट गोळा झाला. लाकूड मात्र जसंच्या तसं राहिलं.

वीजकेंद्रात नाना मीटर दुरुस्त करायचे. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरून जागेवर बसवणारा माणूस. कॉलनीत कोणाचं घड्याळ बंद पडलं की ते नानांकडेच यायचं. त्याच माणसाला तीन वर्षांपूर्वी कंपवात झाला, आणि वर्षभरात त्यांची बायको, इंदिराबाई, गेल्या. तेव्हापासून नाना घरात असून नसल्यासारखे. जेवण वाढलं की जेवायचे, विचारलं तर हो-नाही म्हणायचे. त्यामुळे दिवाळीनंतर त्यांनी आपणहून माळ्यावरचा खोका मागितला, तेव्हा पुनमला आणि तिच्या नवऱ्याला, तेजसला, काय करू नि काय नको असं झालं. तेजसनं टेबल खिडकीशी ओढून दिलं. पुनमनं नकाशावर घालायला प्लॅस्टिक कापून दिलं, म्हणजे गम कागदाला चिकटायला नको.

काम असं होतं. पातळ फळीवर एकेका भागाचा आकार छापलेला. तो दाढीच्या पात्यानं कापायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, नकाशावर त्याच्या जागी टाचणीनं उभा करायचा आणि गम लावायचा. पंखाला अशा सोळा फासळ्या, सगळ्या अगदी एकसारख्या हव्यात. एक जरी उंच-सखल झाली तरी वरचा कागद वाकडा बसणार आणि विमान एका अंगाला कलणार. हे सगळं नानांनी पुनमला इतक्या हौसेनं समजावून सांगितलं की ती ओट्यावरचं दूध विसरली.

नाना रोज सकाळी दोन तास बसायचे. कापलेली फासळी मात्र कुरतडल्यासारखी व्हायची. गमाचे थेंब भलतीकडेच सांडायचे. दुपारी जेवून ते झोपायचे ते थेट चारला उठायचे. फेब्रुवारी संपता संपता जळगावात ऊन असं तापतं की दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं. त्या वेळात पुनम आपलं ब्लाउजचं शिवण घेऊन बसायची.

त्या दिवशी तिनं बसण्याआधी टेबल पुसायला घेतलं आणि फडक्याचा कोपरा टाचणीला अडकला. कट्ट झालं. नानांनी दोन दिवस खपून उभी केलेली पहिली फासळी मधोमध मोडली होती.

सासऱ्यांना उठवून सांगावं तर त्यांचा चेहरा कसा होईल ते तिला आधीच दिसायला लागलं. छापील फळीच्या कडेला थोडं कोरं लाकूड होतं. तिनं मोडकी फासळी त्यावर ठेवून पेन्सिलनं आकार काढला. मोडकीच्या वाकड्या कडा मात्र तिनं काढल्या नाहीत, नकाशात होत्या तशा सरळ काढल्या. कटोरी ब्लाउज कापणाऱ्या हाताला ते काय जड? दहा मिनिटांत नवी फासळी उभी राहिली.

चार वाजता नाना उठले, चष्मा लावला, टेबलावर वाकले. पुनम स्वयंपाकघरात श्वास धरून उभी.

"पुनम! इकडे ये. हे पाह्य."

ती गेली.

"मी म्हणत होतो बिघडली. पाह्य ना, कशी मशीननं कापल्यासारखी आहे! हात आहे अजून माहा. गेला नाही."

ते हसले. इंदिराबाई गेल्यावर पहिल्यांदा. आता सांगा, त्या हसण्यावर कोण म्हणणार होतं की नाना, ती तुमची नाही? पुनम म्हणाली, "छान झालीय." आणि चहा टाकायला आत गेली. आपण खोटं बोललो असं तिला वाटलंच नाही, हे तिला नंतर फार लागलं.

दुसरी फासळी तिनं मुद्दाम बदलली. तिसरी, चौथीही. नाना झोपले की टाचण्या काढायच्या, सुईच्या टोकानं ओला गम सोडवायचा, त्यांची फासळी काढून आपली बसवायची. कडेचं कोरं लाकूड संपलं, तसा तिनं मोबाइलवरून पुण्याहून बाल्साच्या फळ्या मागवल्या आणि पार्सल घरात आलं तेव्हा तेजसला सांगितलं, अस्तराचं कापड आहे. नवं लाकूड पांढरंफेक निघालं. जुनं पिवळट. मग बाईसाहेबांनी चहाच्या पाण्यात कापूस बुडवून नव्याला जुना रंग दिला. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. कापूस पिळताना मात्र तिचा हात थांबला होता. चुकून मोडलेल्या फासळीपासून आपण कुठे येऊन पोचलो, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं होतं. तरी तिनं कापूस पिळलाच.

आणि नानांच्या फासळ्या? त्या ती ओच्यात लपवून न्यायची आणि सकाळी घंटागाडी आली की भाजीच्या देठांबरोबर टाकून द्यायची.

घर मात्र बदललं होतं. नाना जेवताना बोलायला लागले. तेजसनं पंखाचा फोटो भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकला आणि रावेरहून नानांच्या चुलतभावाचा, झुलालभाऊंचा, फोन आला. नाना अर्धा तास त्यांना वीजकेंद्रातल्या गोष्टी सांगत होते. तेजस पुनमला म्हणाला, "तू नानांना टेबल मांडून दिलंस म्हणून झालं हे सगळं. मला तर सुचलंच नसतं." कौतुक झालं की तिला आता मार बसल्यासारखं व्हायचं.

तिनं धुळ्याला आईला फोन केला. प्रमिलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि अहिराणीतच लेकीला टोकलं.

"माय, तू हाई काय करी बठनी?"

"नाना कितला खुश शेतस, आई. माले सांगानं भ्याव वाटस."

"आते तरी बठ्ठं सांगी दे त्यासले. झाकीसन काय उपेग शे?"

पुनम म्हणाली, सांगते, सगळं सांगते. सोळावी फासळी बसली की सांगते. पंख पुरा झाल्यावर ते रागावले तरी पंख तर राहील, असला काहीतरी हिशेब तिनं मनाशी घातला होता.

सोळावी बसली. त्यानंतर चार दिवसांनी नाना मोरीच्या उंबऱ्यापाशी पडले.

पाय पुढे टाकायला गेले आणि तो जमिनीला चिकटल्यासारखा झाला, असं त्यांनी सांगितलं. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. तेजस कामावर होता. पुनमनं त्यांना पलंगावर बसवलं, हळद लावली. तेव्हा नानांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला.

"तुले सांगतो, तेजसले सांगू नको. गोळ्या मी बंद केल्यात. महिना होत आला."

"काहून, नाना?" ती एकदम त्यांच्याच बोलीत बोलून गेली.

"गोळीनं झोप येते. अन् हात थांबला ना! तू पाहतेच आहे. थरथरणारा माणूस असा पंख करीन का?"

त्यांनी विमानाच्या खोक्यातून, नकाशाच्या घडीखालून, गोळ्यांच्या तीन पट्ट्या काढून तिला दाखवल्या. एकही गोळी फोडलेली नव्हती. चोरून आणलेली कैरी दाखवावी तशा आनंदानं त्यांनी त्या दाखवल्या. घरात त्यांनी विश्वास टाकला तो नेमका तिच्यावर.

बोलायचं होतं ते इथंच. पुनमला ते चांगलं कळत होतं. तिनं तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "आपण धुळ्याला डॉक्टरांना विचारूनच बंद करू, नाना." जे स्वतः सांगायचं ते डॉक्टरांच्या तोंडून निघावं, अशी तिनं सोय केली. भित्रेपणाला एवढी हुशारी सुचते खरी.

धुळ्याच्या डॉक्टरीणबाई पुनमच्या भावाच्या, ज्ञानेश्वरच्या ओळखीच्या. पहिल्यापासून नानांचा इलाज त्यांच्याकडेच. नानांनी पंख टॉवेलात गुंडाळून बरोबर घेतला होता. कागद अजून चढवलेला नव्हता, नुसता सांगाडा. बसमध्ये त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवला नाही. दवाखान्यात नंबर लागला तसा त्यांनी टॉवेल सोडून पंख टेबलावर मांडला.

"हे पाहा, मॅडम. आणि मग सांगा, गोळ्यांची गरज आहे का?"

"हे तुम्ही केलं? सुंदरच आहे हो!" बाई मनापासून म्हणाल्या. मग त्यांनी एक कोरा कागद सरकवला. "आता मला एक चकली काढून द्या. आतून सुरू करायची, बाहेर यायचं. हात टेबलाला टेकवू नका."

नानांनी पेन घेतलं. चकली दोन वेढे कशीबशी गेली. मग रेघ रेघेवर चढली, काटे फुटले, आणि सगळी वाटाण्याएवढ्या जागेत गोळा झाली.

"पेन बरोबर नाही," नाना म्हणाले.

बाईंनी दुसरं पेन दिलं. दुसरी चकली पहिलीहून लहान झाली. तिसरी त्यांनी अर्धीच सोडली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, पंख पाहिला, पुन्हा कागद पाहिला. "नाना, माझा जरा गोंधळ होतोय," त्या हळूच म्हणाल्या. "हे काम तुमचंच ना?"

आता बोल, पुनम मनात म्हणाली. बोल ना. ती भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत राहिली.

नानांनी पंख उचलून खिडकीकडे धरला. अंगठ्याचं नख त्यांनी पहिल्या फासळीवर ठेवलं आणि सोळावीपर्यंत ओढत नेलं. कुठेही ते अडलं नाही. आयुष्यभर दुसऱ्याचं काम तपासलेला माणूस तो. महिनाभर जे त्यांनी पाहिलं नव्हतं ते त्यांनी आता पाहिलं. मग त्यांनी पुनमच्या हातांकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या सुनेनं केलंय. चांगला हात आहे तिचा."

जसं काही हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. बाईंनी पुनमचं कौतुक केलं. ते तिला कानांवर हात ठेवावेत इतकं असह्य झालं. ज्या माणसाला आपण उघडं पाडलं, त्यानं आपल्यावर पांघरूण घातलं होतं. त्यांनी तिला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गोळ्या अशा एकदम कधीच सोडायच्या नाहीत, नशीब थोडक्यात निभावलं, असं बाईंनी दोघांना बजावलं आणि आजची चार वाजता घ्यायला सांगितली.

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीशी बसले. पंख पुनमच्या मांडीवर होता, कारण त्यांनी तो घेतला नाही. पारोळा आलं.

"नाना, माझं चुकलं," ती शेवटी म्हणाली.

ते बाहेर बघत होते. "पहिले कोणती बदलली?"

"पहिलीच. माझ्या हातून मोडली होती. पुसताना."

"अन् मग?"

"मग तुम्ही हसलात."

एक थांबा गेला. माणसं उतरली, माणसं चढली.

"यात माहं काय आहे?"

टॉवेलातून पंखाची कड बाहेर आली होती. दोन-तीन फासळ्या दाखवून या तुमच्या म्हणणं अगदी सोपं होतं. त्यांना खरं वाटलं असतं, निदान तसं त्यांनी दाखवलं तरी असतं. पुनमच्या जिभेवर ते आलंही होतं.

"काही नाही, नाना."

"माह्या फासळ्या?"

"घंटागाडीत टाकल्या."

नानांनी मान हलवली. रागावले नाहीत, आणि माफ केलं असंही त्यांच्या चेहऱ्यावर दिसेना. घड्याळात चार वाजले होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. पट्टी फोडायला त्यांना तीनदा प्रयत्न करावा लागला. गोळी तोंडात टाकून त्यांनी पाण्याची बाटली मागितली. पुनमनं झाकण काढून दिली आणि बसच्या हिसक्यात पाणी सांडेल म्हणून बाटलीला खालून हात लावायला गेली.

"राहू दे," ते म्हणाले. "सांडू दे. एवढं तं मले करू दे."

तिनं हात मागे घेतला. बाटली त्यांच्या ओठांवर आपटली, पाणी हनुवटीवरून छातीवर गेलं, शर्ट भिजला. समोरच्या सीटवरची एक बाई वळून पुनमकडे बघायला लागली, की कसली सून ही, म्हाताऱ्याला धरतसुद्धा नाही. पुनमनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिनं हात काढले नाहीत. नानांनी बाटली पुन्हा उचलली, आणि दुसऱ्या घोटाला गोळी गेली.