एक मॉनिटर, दोन वाटेकरी

चहाचा कप ठेवायला जागा हवी म्हणून त्याने तिचा कीबोर्ड मनगटाने जरासा डावीकडे सरकवला. कानांना हेडफोन लावलेल्या तिने वर पाहिलंही नाही. बोटं उचलली, परत टेकवली आणि टाइप करत राहिली. समोरच्या पडद्यावर मात्र त्याचा बंगला होता. लाल कौलं, दारात झोपाळा.

टेबलाखाली कॉम्प्युटर दोन, नवरा-बायकोचा एकेक. मॉनिटर एकच. दुसरा परवडत नव्हता, म्हणून मध्ये एक डबी जोडली होती. डबीचं बटण दाबलं की पडदा त्याच्याकडून तिच्याकडे जायचा. डबी अर्थातच त्याच्या हाताशी होती.

सकाळ तिची, असं ठरलं होतं. पण साहेबाच्या तोंडावर राजीनामा फेकून आल्यापासून तो घरांच्या दलालीचा ‘अभ्यास’ करत होता. भाड्याच्या दोन खोल्यांत बसून जगाचे बंगले बघायचे, हौसेला मोल नसतं म्हणतात ते असं. एकदा तिने आपण होऊन बटण दाबलं, तर पुढे आठवडाभर घरात फक्त पंखा बोलत होता. तेव्हापासून ती न बघता टाइप करायला शिकली. पडदा नसला तरी तिचा कॉम्प्युटर चालूच असायचा. बोटं सांगतील ते मुकाट्याने लिहून घ्यायचा.

सभांची रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून द्यायची, हे तिचं काम. घर त्यावरच चालत होतं. हल्ली चुका राहू लागल्या होत्या आणि काम देणाऱ्या ऑफिसातल्या बाईंनी बजावलं होतं, “आता एक जरी गोंधळ झाला, तर काम दुसरीला देईन.”

तिने हेडफोन काढला.

“अहो, पाच मिनिटं द्या. एकदा वाचून पाठवते.”

“हा एवढा बंगला बघतो. मागे विहीर आहे याला.”

“दुपारच्या आत द्यायचंय हो.”

“अगं, तुला पडदा लागतो कशाला? डोळे मिटून टाइप करतेस तू. मी तर सगळ्यांना सांगतो. हातच्या काकणाला आरसा कशाला!”

कौतुकच होतं ते, तेही मनापासूनचं. त्याचाच तिला जास्त संताप आला. पण भांडायला वेळ नव्हता. तिने सवयीने कीबोर्डच्या कडेची दोन मोठी बटणं एकदम दाबून काम पाठवून दिलं.

थोड्या वेळाने टेबलावरच्या हेडफोनमधून बारीक ‘टिंग’ आलं. बाईंची पोच असणार. तिने खांदे सैल सोडले.

विहीर बघून झाल्यावर त्याने आळस दिला आणि बटण दाबलं.

“घे. आता दिवसभर तुझाच.”

पहिलं पान ठीक होतं. पुढे अक्षरांचा नुसता पाचोळा. ‘सभा’ हवं तिथे ‘,ङी’. कीबोर्ड सरकला तेव्हा बोटं एक बटण बाजूला बसली होती, आणि बोटांना जागा सांगणारे बटणांवरचे उंचवटे केव्हाच झिजले होते. बाईंचं उत्तरही आलं होतं. ‘हे काय पाठवलंय? राहू द्या. पुढचं काम दुसरीला दिलंय.’

तिने त्याच्या पुढ्यातून हात लांबवला आणि बटण दाबलं. बंगला परत आला.

“का गं? तुझं काम?”

“संपलं.”

“बघ! मी म्हटलं नव्हतं?” तो खूश होऊन खुर्ची पुढे ओढत म्हणाला.

तिने कीबोर्डची वायर उपटली, तो काखेत मारला आणि आतल्या खोलीत गेली. टेबलावर कप ठेवायला आता ऐसपैस जागा झाली.