रुखमाबाईचा निरोप

टाचणी पुन्हा टोचली... निळ्या फितीच्या आतून, लुगड्याच्या पदरातून, बरोबर गळ्याच्या हाडाखाली. रुखमाबाईनं हात वर नेला, फीत चाचपली, जराशी सरळ केली. काढून ठेवावी असं मात्र एकदाही मनात आलं नाही. बोटभर रुंदीची ती फीत म्हणजे अमडापूरच्या नागरिक मंडळाची खूण होती. मंडळाच्या सभासदांत बाई अशी ती एकटीच, आणि आज मतदानाचा दिवस. कडूबाच्या बैलगाडीत दाटीवाटीनं बसलेल्या या बाया, डोक्यावरून पदर ओढून, एकमेकींना कोपरानं ढोसत, लग्नाला निघाल्यासारख्या हसणाऱ्या — या सगळ्या तिच्या एका शब्दावर घराबाहेर पडल्या होत्या. टोचू दे.

माघाचं ऊन अजून अंगाला बरं वाटत होतं. वेचणी उरकलेल्या पऱ्हाटीत कुठेकुठे कापसाचा चुकार पुंजका लोंबत होता. गाडी खड्ड्यातून गेली की बाया किंचाळत, आणि कडूबा मागे न पाहता म्हणे, "दमानं बसा न वं, मत सांडन इथंच!" मग पुन्हा हसू. रुखमाबाईही हसली. मोठ्यानं हसली — आणि आपलं हसणं ऐकून तिलाच नवल वाटलं. नवरा पुंजाजी गेल्यावर तिनं आवाज असा आत ठेवून दिला होता, ठेवणीतल्या पातळासारखा. घडी उलगडायचं कारणच पडत नव्हतं. शेत बटईनं दुसऱ्याकडे, घर दाराआड. मग दिवाळी झाल्यावर एक दिवस शेषराव वकील अंगणात येऊन उभे राहिले...

शेषराव म्हणजे पुंजाजीचे लहानपणापासूनचे दोस्त. वकिली चिखलीला, घर गावातच. ती त्यांना भाऊजी म्हणायची, ते तिला वहिनी. "वहिनी, नागपूरच्या कौन्सिलची निवडणूक आहे," ते म्हणाले होते. "शेत तुमच्या नावावर आहे. तुम्हाला मत आहे."

"मले?"

"तुम्हाला. आणि गावात आणखी कितीक बायांना आहे, नवऱ्याच्या जमिनीमुळे. पण एक यायची नाही. आमचं ऐकून तर नाहीच. तुम्ही मंडळात या."

पहिल्या सभेला ती त्यांच्या ओसरीच्या दाराशी उभी राहिली होती, चौकटीला खेटून, आत येऊ की नको अशी. बोलता बोलता शेषराव थांबले. "वहिनी, सभासदानं उभं राहून ऐकायचं नसतं," असं म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची तिच्याकडे सरकवली. सगळे पुरुष बघत होते. ती बसली. पाय जमिनीला नीट टेकत नव्हते... आणि मग ते म्हणाले, "या मंडळात सवाष्ण नाही, विधवा नाही, मराठा नाही, माळी नाही. सभासद आहे. आणि मंडळ मत द्या म्हणेल, कोणाला द्या ते म्हणणार नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं." त्या रात्री तिला झोप आली नव्हती. ज्याचं त्यानं! असं काही तिच्या आयुष्यात होतं तरी काय — ज्याचं त्यानं ठरवायचं असं?

ती अंगणाअंगणात फिरली. जिथे पुरुषांना ओसरीपलीकडे जाता येत नव्हतं तिथे ती चुलीपाशी जाऊन बसली. "कोणाले द्या ते मी सांगनार नाही, बाई. तुमच्या मनाले विचारा." आणि बाया बोलल्या. मताबद्दल नाही, दुसरंच. रंगरावानं ओढ्याकाठची जमीन घेतल्यापासून बाभळीच्या काट्या लावून धुण्याच्या घाटाची वाट बंद केली होती. पोटुशी बाई असो, म्हातारी असो, ओझं घेऊन लांबचा फेरा. हाच रंगराव निवडणुकीला उभा होता, पिवळ्या पेटीवर. समोर निवृत्ती, साधा शेतकरी, त्याची पेटी हिरवी. बायांनी तिला जे सांगितलं ते तिनं शेषरावांना सांगितलं — सांगायलाच हवं होतं, मंडळाचं काम होतं ते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "बाया तुमच्यापाशी बोलतात, वहिनी," ते हळूच म्हणाले. "हे फार मोठं आहे."

फार मोठं... ते दोन शब्द तिनं किती दिवस उराशी धरले होते.

शाळेच्या आवारात गर्दी होती. पुरुषांची रांग वेगळी, बायांची वेगळी. पलीकडच्या खोलीत मुसलमानांची मतदारी, त्यांची जागा, त्यांचे उमेदवारच निराळे. गाडीतून आलेली इमामबी, बांगड्या भरणाऱ्या रहेमतुल्ला मणियाराची बायको, तिकडे गेली. मतदान घेणाऱ्या साहेबाकडून चिठ्ठी घ्यायची, तट्ट्याच्या आडोशाला जायचं, आणि दोन पेट्यांपैकी एकीत टाकायची. बस. रुखमाबाईनं हे बायांना इतक्यांदा समजावलं होतं की आता ते घडताना ती मनातल्या मनात एकेक पायरी मोजत होती. सगळ्यांत म्हातारी विमलबाई पहिली आत गेली आणि पदरानं घाम टिपत बाहेर आली.

"टाकली व माय," ती म्हणाली. "पिवळ्यात. तुह्या म्हणण्यापरमानं."

रुखमाबाई हसली. हे तिला नंतर आठवत राहिलं, पुन्हा पुन्हा, की आपण आधी हसलो. तुह्या म्हणण्यापरमानं — या शब्दांचा अर्थ लागायच्या आधी त्यांची ऊब आत पोचली होती, आणि तिला बरं वाटलं होतं. मग अर्थ आला.

"माह्या म्हणण्यापरमानं? म्या काय म्हटलं होतं?"

विमलबाईनं डोळा मिचकावला. "आता काऊन लपवतं वं? झालं न काम. आता खोलते न रंगराव वाट?"

मागून दुसरी आली, तिसरी आली. पिवळ्यात... पिवळ्यात टाकली, बाई... प्रत्येकीनं तिच्याकडे पाहून मान डोलावली, दिलेलं काम नीट पार पाडल्यासारखी. तिला वाटलं, आपण मध्येच कुठेतरी झोपलो होतो की काय, आणि झोपेत आपल्या तोंडून कोणी बोलून गेलं.

इमामबी आपलं मत देऊन आली होती. रुखमाबाईचा चेहरा पाहून तिनं तिला दंडाला धरून बाजूला नेलं.

"तुले ठाऊक नव्हतं?" इमामबी म्हणाली. "खरं सांग, रुखमाबाई. तुले ठाऊकच नव्हतं?"

"काय?"

"रथसप्तमीले शालूबाईच्या घरी हळदीकुंकू झालं. मी बांगड्या भराले गेली होती. तिनं सगळ्यायले वाण म्हणून करंडे वाटले, पिवळ्या रंगाचे. अन् म्हणे, जो रंग वाणाचा तोच पेटीचा. म्हणे, रुखमाबाईनं रंगरावापासून शब्द घेतला हाय, पिवळी पेटी भरली तं घाटाची वाट खुली होते. मंडळाचा कायदा हाय, म्हणून तिले तोंडानं सांगता येत नाही. म्हणे, तिनं माह्याजवळ निरोप देला हाय." इमामबीनं तिचा दंड सोडला. "मले वाटलं, तूच देला असन. माही मतदारी अलग. मी काय बोलू?"

शालूबाई. शेषरावांची बायको.

हळदीकुंकू... रथसप्तमीच्या दिवशी ती त्याच घरावरून गेली होती. दार उघडं होतं, आत बायांचा कलकलाट, अत्तराचा वास अंगणापर्यंत. तिनं मान वळवली होती. कोणी सांगितलं नव्हतं, सांगायला लागत नाही. विधवेनं अशा दारावरून जाताना पाय उचलायचा, आत पाहायचं नाही, आपली सावली कोणाच्या कुंकवावर पडू द्यायची नाही. गावात तिला कुठेही जाता येत होतं आता, साहेबापुढे, पुरुषांच्या सभेत, कोणाच्याही चुलीपाशी... फक्त तिथे नाही. आणि शेषरावांनी नेमकी तीच जागा शोधली. या मंडळात सवाष्ण नाही, विधवा नाही, असं म्हणणाऱ्या माणसानं! त्याला ठाऊक होतं, ती भिंत कुठे आहे. तिच्यापेक्षा नीट ठाऊक होतं. खुर्ची सरकवताना ठाऊक होतं का? तेव्हाच? की नंतर सुचलं, मी त्या बायांचं गाऱ्हाणं घेऊन गेले तेव्हा — मीच हातात आणून दिलं तेव्हा? फार मोठं आहे, वहिनी. हो, मोठंच होतं. त्यांना तेव्हाच त्याचं मोल कळलं, आणि मी वेडी, माझं मोल कळलं म्हणून रात्रभर जागी!

शेषराव आवारातल्या मंडळाच्या मांडवात टेबलाशी होते. तिला येताना पाहून उठले, नेहमीसारखेच. "या वहिनी. कमाल केलीत तुम्ही. एवढ्या बाया आख्ख्या तालुक्यात कुठे आल्या नसतील."

"भाऊजी, माह्या नावानं निरोप गेला?"

ते नाही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले असते तर... तिला कळलं की ती त्यासाठीच आली होती. खोटं का होईना, नाही म्हणावं म्हणून. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बसा."

ती बसली नाही.

"वहिनी, हे पाहा. तुम्ही नसता तर यातली एक तरी बाई उंबरा ओलांडती का? मंडळाचं काम तेच होतं, ते झालं. मत कोणाला पडलं, त्याला काय..."

"वाट खुली होनार हाय का?"

"रंगराव निवडून येऊ द्या. मग बोलू आपण त्यांच्याशी."

"म्हंजे बोललेच नाही."

"हळू बोला." मग त्यांचा आवाज मऊ झाला, खरोखरचा मऊ, आणि तेच तिला सोसेना. "त्यांना सांगायचं तर सांगा. मी अडवणार नाही. पण तुमच्या नावावर फसवलं गेलं हे एकदा कळलं, की पुढच्या वेळी या बाया येतील का? कोणाच्याही बोलावण्यावर येतील का? एवढी मेहनत तुमची... विचार करा. पुंजाजी असता तर त्यानं मला समजून घेतलं असतं."

समजून घेतलं असतं. ती तिथून निघाली तेव्हा हेच वाक्य पायांत अडकत होतं. कारण खरंच घेतलं असतं त्यानं. ओसरीवर दोघं बसले असते, पानाला चुना लावत, आणि पुंजाजी म्हणाला असता, बायायले काय कळते, शेषराव, तू केलं ते बरंच केलं... तिला तो आवाज ऐकू आला, अगदी त्याच्या खाकरण्यासकट. इतकी वर्षं जो आपला म्हणून जपला, तोही तिकडेच जाऊन बसला होता, त्या टेबलाच्या पलीकडे.

तिचं स्वतःचं मत अजून राहिलं होतं. साहेबानं चिठ्ठी दिली. तट्ट्याआड दोन पेट्या शेजारीशेजारी, एकाच पत्र्याच्या, फक्त रंग निराळा. निवृत्तीला द्यायचं हे तिनं केव्हाच ठरवलं होतं. कोणाला बोलली नव्हती, भाऊजींनाही नाही. ती गोष्ट तिच्या एकटीची होती, आणि तिच्या एकटीची म्हणूनच गोड होती. आता हात हिरव्या पेटीकडे गेला तेव्हा त्यात शेषरावांना दिलेलं उत्तर मिसळलं होतं, राग मिसळला होता. तिच्या एकटीचं असं त्यात काही उरलं नव्हतं. तिनं चिठ्ठी आत सोडली. क्षणभर उभी राहिली. बाहेरून कोणीतरी म्हणालं, "चला बाई, लवकर."

परतताना बायांच्या गप्पांना ऊत आला होता. कोणीतरी वाटेवरच्या शेतातून हरभऱ्याचे टहाळे उपटून आणले होते, घाटे सोलून एकमेकींच्या हातावर ठेवणं चाललं होतं. साहेब कसा दिसत होता, त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा कोण कशी लाजली, याच्या नकला. विमलबाईनं रुखमाबाईच्या हातात मूठभर घाटे कोंबले. "खाय व माय. पुढच्या खेपेले सूनलेही आणीन मी. तू फकत हाक मार."

फक्त हाक मार...

समोर इमामबी बसली होती. तिनं एकदाच रुखमाबाईकडे पाहिलं आणि नजर बैलांच्या पाठीवर नेली. ती सांगणार नव्हती. कोणीच सांगणार नव्हतं. पावसाळा येईल, ओझं घेऊन बाया तोच लांबचा फेरा घालतील, आणि एक दिवस कोणीतरी म्हणेल, रुखमाबाईनं फसवलं. तेवढंच उरेल. किंवा आता सांगावं — आणि हे हसणं, ही गाडी, हे पुन्हा कधी नाही. भाऊजींनी दोन्हीकडून दार लावलं होतं. शांतपणे, विचार करा म्हणून.

"कडूबा," ती म्हणाली, "गाडी थांबव."

बैल थांबले. बाया बोलायच्या थांबल्या आणि सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. घाटे सोलणारे हात तसेच राहिले. त्या चेहऱ्यांवर काळजी नव्हती, संशय नव्हता. ती जे काही म्हणेल ते घ्यायला ते तयार होते, ओंजळ पुढे करावी तसे. असेच ते चेहरे शालूबाईच्या माजघरात असतील, तिचं नाव निघालं तेव्हा. सकाळपासून तिला वाटत होतं, आपलं काहीतरी लुटलं गेलं. पण ते तिचं नव्हतंच. या बायांचं होतं, तिच्यापाशी ठेवायला दिलेलं, आणि ती ते अंगावर मिरवत होती. आताही ती जे बोलेल ते त्या तसंच उचलतील, न पाहता, न तपासता. खरं असलं तरी तसंच, खोटं असलं तरी तसंच...

शेषरावांवरचा राग कुठे गेला नव्हता. पण तो जरा लांब, रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिल्यासारखा झाला, आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. विमलबाईनं विचारलं, "काय झालं वं?" रुखमाबाईनं खरं ते सांगायला तोंड उघडलं — आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणाचं नाही, आपल्याच आवाजाचं भय वाटलं, स्वच्छ, थंडगार भय, ज्याच्याकडे पाठ फिरवावी असं मात्र तिला वाटलं नाही.