तेलाची गोळी

कमळाकरने व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि हात पटकन मागे घेतला.

"हे रोज देतो हिला. आमच्या शिफ्टचा हरेश म्हणाला, केमोच्या लाल औषधानं काळीज कमजोर होतं. या तेलाच्या गोळ्या ते सांभाळतात."

"मला न विचारता, काका?" बाईंनी इकोचा रिपोर्ट उलटा ठेवला. "हृदय थोडं मंदावलंय. पुढचा डोस मी थांबवतेय. आणि या गोळ्या बंद. यांनी हृदय वाचेल असा भरवसा नाही, उलट केमोचा जोर कमी होऊ शकतो."

शेजारी बसलेली त्याची बायको, हौसा, डोक्यावरचा पदर घट्ट धरून जमिनीकडे बघत राहिली.

पेण स्टेशनवर दोघं घरी, निडीला जाणाऱ्या गाडीची वाट बघत होती. कमळाकरचा जीव थाऱ्यावर नव्हता. धाटावच्या केमिकल कंपनीत उभा जन्म गेला, कशात काय पडलं की काय बिघडतं हे त्याला तोंडपाठ. आणि घरच्या माणसाला मात्र ऐकीव गोष्टीवरून औषध चारलं! आग लागो त्या शहाणपणाला.

"मीच घात केला गो तुझा," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं.

"अवो, रडता काय? पोटात एक पन नाय गेली."

"म्हंजे?"

हौसाने पदर मागे सारला. केस गेलेलं डोकं तेलाने तुकतुकत होतं.

"सूनबाई नाय का तोंडाला लावत फोडून? तुमी शिफ्टला गेलात की मी डोक्याला लावते. म्हटलं, केस येतील."

"अगो, काळजासाठी होत्या त्या!"

"काळीज कुठं दिसतंय तुमाला? डोकं दिसतं. जेवाय वाढते तवा मान फिरवता तुमी."

केमो वाया गेली नव्हती, एवढं खरं. पण हृदय मंदावलं होतं ते होतंच.

कमळाकरने खिशातलं, कालच घेतलेलं नवं पाकीट काढलं. तिच्या बांगडीतली पिन घेऊन एक गोळी टोचली आणि तेल तिच्या टाळूवर हळूहळू चोळू लागला. फलाटावरची माणसं बघत होती. तोही तिच्याकडेच बघत होता.

गाडी आली.

"पुरे वो, सुटंल ती."

"सुटू दे," तो म्हणाला.