एकतीस नंबर

गेलेल्या माणसाचे कपडे काचेत बसवून भिंतीवर टांगायचे, ही कुठली रीत? मी सदानंदला स्पष्टच विचारलं. माझा नवरा एरवी शब्दाला शब्द वाढवणारा, पण त्या दिवशी त्याने मोजायची टेप नुसती खिशात टाकली. हॉलमधली टीव्हीच्या वरची जागा त्याने आधीच मोजून ठेवली होती.

निनाद आमचा एकुलता एक. अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये होता. एक सीझन खेळला, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मित्राच्या गाडीतून जाताना अपघातात गेला. आता नोव्हेंबरमध्ये नवा सीझन सुरू होत होता आणि सुरुवातीचाच एक सामना खेळायला त्याचं कॉलेज अबू धाबीला, आमच्या दुबईपासून दीड तासावर, येणार होतं. हे आधीच ठरलं होतं. आईबाबांसमोर खेळणार म्हणून पोरगा फोनवर नाचायचा बाकी होता.

त्याच्या कोचची ईमेल आली. बेंचवर एक खुर्ची रिकामी ठेवू, तिच्यावर निनादची एकतीस नंबरची जर्सी घालू, मॅच झाल्यावर ती फ्रेम करून तुम्हाला देऊ. तो नंबर यापुढे कुणालाही मिळणार नाही.

सदानंद ते वाचून रडला. मला राग आला. त्यांच्या मनात चांगलंच होतं, ते काय मला कळत नव्हतं? पण आमच्याकडे माणूस गेला की त्याचे कपडे कुणाच्या तरी अंगावर जातात. निनादचे सगळे कपडे मी माझ्या हाताने गणूला दिले होते. गणू मूळचा देवगडकडचा, सदानंदच्या जबल अलीच्या वेअरहाऊसमध्ये लोडिंगला असतो आणि उंचीने जेमतेम माझ्याएवढा. "वहिनी, पँटी खालून कापून घेतल्या, आता बरोबर बसतात," असं त्याने फोन करून सांगितलं, त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

आणि रिकामी खुर्ची बघायला अबू धाबीपर्यंत कशाला जायचं? ती तर आमच्या जेवणाच्या टेबलालाही आहे.

मॅचच्या आदल्या दिवशी कोचनी टीमच्या हॉटेलवर भेटायला बोलावलं. सदानंदने गाडीतच बजावलं, "विभा, प्लीज तिथे सीन करू नकोस. दे आर बीइंग सो नाइस."

"मी कधी सीन केलाय?"

"ड्रायव्हिंग टेस्टला केलास. त्या बाई अजून मला ओळखतात."

मी सीन केला नाही. चहा येईपर्यंत थांबले आणि मग कोचना सांगितलं की जर्सी खुर्चीला नको, मुलाला घाला. निनादच्या जागी ज्याला घेतलंय, त्याला. कोच गोंधळून सदानंदकडे बघायला लागले. आता हा काय बोलतो म्हणून मीही त्याच्याकडे बघितलं. त्याने कपाकडे बघत एवढंच म्हटलं, "शी इज हिज मदर."

कोचनी त्या मुलाला बोलावून घेतलं. कुठल्याशा मक्याच्या शेतांच्या गावातला, निनादएवढाच उंच, कानापर्यंत लाल झालेला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

"मॅम, आय कान्ट. इट्स हिज."

"इट इज अ शर्ट, बेटा. शर्ट इज फॉर वेअरिंग."

"व्हॉट इफ आय प्ले बॅड इन इट?"

"ही ऑल्सो प्लेड बॅड. मेनी टाइम्स."

तेव्हा सदानंद हसला. किती महिन्यांनी हसला, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी स्टेडियम अर्धंच भरलं होतं. आमच्या पुढच्या रांगेत फिलिपिनो मुलं होती. आपल्याला जसं क्रिकेटचं, तसं त्यांना या खेळाचं वेड. तो मुलगा मैदानात उतरला आणि त्याचा पहिला बॉल बास्केटच्या जवळपाससुद्धा गेला नाही. पुढची मुलं हळहळली. मी शांत होते. अगदी शांत होते, आपलं म्हणणं खरं झालं म्हणून मनातून खूशही होते.

मग तो आमच्याकडे पाठ करून धावला. एकतीस. मागून तेच खांदे, तीच मान.

"निनाद, डावीकडे बघ!"

मी उभी राहून ओरडले होते. पुढच्या मुलांनी वळून बघितलं, माझ्याबरोबर तीही ओरडायला लागली. त्यांना ते त्या खेळाडूचंच नाव वाटलं असणार. सदानंदने मला खाली बसवलं आणि पाण्याची बाटली दिली.

टीम हरली. बाहेर बस उभी होती आणि आम्ही जिन्यापाशी थांबलो होतो. तो मुलगा आला तो टी-शर्ट घालून. जर्सी घडी करून त्याने दोन्ही हातांवर आणली होती. "आय थिंक यू शुड हॅव इट," असं म्हणून त्याने ती माझ्या हातात दिली.

ती ओली होती. निनाद प्रॅक्टिसहून आला की असंच भिजलेलं बोचकं माझ्या अंगावर फेकायचा आणि मी ओरडायचे.

"नो, नो," मी त्या मुलाला म्हणाले, "यू कीप. वेअर इट. फुल सीझन." सगळं बरोबर बोलले. आदल्या दिवसापासून जे सांगत होते, तेच बोलले. त्याने हात पुढे केला. माझी बोटं मात्र उघडेनात. मी ती ओढून धरली होती, छातीशी, आणि माझ्या तोंडून लहान पोरासारखं "नाही, नाही" यायला लागलं.

मुलगा घाबरून मागे सरकला. मला वाटलं, आता सदानंद म्हणेल, राहू दे, घरी नेऊ. भिंत त्याची तयारच होती. त्याने तसं म्हटलं असतं तर मी एका शब्दानेही अडवलं नसतं.

तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने माझं एक एक बोट सोडवलं, हळूच, दुखणार नाही असं. मग ती ओली जर्सी त्या मुलाच्या खांद्यावर टाकली आणि खांद्यावर थोपटलं.

"जा," तो मराठीतच म्हणाला. "बस सुटेल तुझी."