खिडकीपाशी टाकलेला रुमाल

चौसाळ्याच्या स्टँडवर एसटी थांबायच्या आत खिडकीतून रुमाल टाकावा तर भिमाबाईंनीच. त्यांचा रुमाल पडला की त्या सीटवर फौजदारही बसत नसे.

मुलगा प्रवीण मात्र विमान कंपनीत लागला, आणि तिथली तऱ्हा निराळी. ड्यूटी संपल्यावर बिनपगारी विमान झाडा, व्हीलचेअर ढकला, मग आईला फुकट तिकीट. तेही सीट रिकामी राहिली तरच.

प्रवीण वर्षभर झाडत राहिला.

पहिल्यांदा. विमान भरलं. भिमाबाई संभाजीनगरहून एसटीनं घरी.

दुसऱ्यांदा. विमान भरलं. शेजारच्या भिवराबाईनं विचारलं, "ढगात थंडी लई वाजली का वो?"

तिसऱ्यांदा. संध्याकाळी मुंबईत लेकीच्या, राजश्रीच्या बाळाचं बारसं. आता एसटीनं निघून उपयोग नाही. भिमाबाईंनी विमानतळाच्या दारातच प्रवीणच्या हातात रुमाल कोंबला.

"झाडताना खिडकीपाशी टाक."

"माय, इमानात नंबर असतो."

"एसटीत बी असतो."

माय गप्प बसावी म्हणून त्यानं टाकला. काढणार, तेवढ्यात व्हीलचेअर ढकलायला हाक आली. रुमाल राहिला.

(भिमाबाई बाहेर, काउंटरपाशी. विमान पुन्हा भरलेलं. आपण आत जाऊ.)

सगळ्यात शेवटी चढले सिरसाळ्याचे विजयसिंह. अपक्ष फॉर्म भरला म्हणून, तो मागे घ्या अशी समजूत घालायला पक्षानं त्यांना मुंबईला बोलावलं होतं. पाय निघत नव्हता. आपल्या सीटवरचा फुलाफुलांचा रुमाल बघून ते थबकले.

"सर, ही तुमचीच सीट," हवाईसुंदरी करिष्मा म्हणाली.

"रुमाल दिसत न्हाई का?"

प्रवीणला बोलावणं गेलं.

"कुणाचा बे ह्यो?"

"मायचा, साहेब." प्रवीणला नोकरी गेल्यासारखीच वाटली. "चौसाळ्याची हाय. भाईर बसलीय."

विजयसिंहांचा चेहरा उजळला. "म्हातारीनं धरलेली जागा मी घेऊ? ऐन इलेक्शनात? पक्षाला कळवतो, सीटच मिळाली न्हाई!"

आणि ते जवळजवळ पळतच उतरले. एक सीट रिकामी झाली.

बाहेर काउंटरपाशी त्यांना भिमाबाई भेटल्या. "मावशी, बसा खुशाल. मतदानाला मातर या."

"येते की. जागा राहिली तर."

खिडकीपाशी बसून त्यांनी रुमालाची घडी घातली. प्रवीण पट्टा लावून देत होता.

"मुंबईला इमान कोण झाडतंय रं?"

"असंल कुणीतरी."

"त्याची माय कुठली हाय, इचारून ठेव. मला माघारी यायचं हाय."